दोघांच्या नावाचा चेक

रक्कम टाकून बटण दाबलं की फोनवर लाल अक्षरं उमटत होती. पुन्हा तेच झालं तेव्हा मी चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं. फोनवरून चेक भरण्याची तुमची मर्यादा या रकमेमुळे ओलांडली जाते, असं ते वाक्य होतं. कृपया शाखेशी संपर्क साधा.

शिकागोतल्या माझ्या एका खोलीच्या घरात, ओट्यावर तो चेक पडला होता. फोटो नीट यावा म्हणून मी खाली काळी ओढणी अंथरली होती. चेकवर दोन नावं होती. संग्राम खराडे आणि वृंदा खराडे. मधला 'आणि'सुद्धा छापलेला.

आमचं वेदरलीचं घर विकलं गेलं त्याला दोनेक महिने झाले होते. घराचा कर आणि विमा भरण्यासाठी कर्ज देणारी कंपनी दर महिन्याला आमच्याकडून थोडे पैसे घेऊन बाजूला ठेवायची. घर विकल्यावर त्यातले उरलेले तिने परत पाठवले होते. आम्ही वेगळे झालो आहोत याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी आम्ही एकाच घरातली दोन माणसं होतो.

बँकेत खातंही अजून दोघांचंच होतं. हा शेवटचा चेक जमा झाला की ते बंद करायचं, असं आमचं ठरलं होतं. बँक लहान, आयोवातल्या दोन-तीन जिल्ह्यांपुरती. शिकागोत तिची शाखा असण्याचा प्रश्नच नव्हता. मी वेदरलीला फोन लावला. ग्लेंडाने उचलला. आम्ही त्या गावात राहायला गेलो तेव्हा आमचं खातं तिनेच उघडलं होतं.

"वृंदा! किती दिवसांनी! शिकागो कसं आहे?"

"उंच आहे," मी म्हटलं. ती हसली. मी अडचण सांगितली.

"हो, तुमच्या खात्याला दिवसाला अडीच हजार डॉलरची मर्यादा आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनाच असते, कुणाला कमी, कुणाला जास्त. फोनवर आम्हाला नुसता फोटो दिसतो, कागद हातात येत नाही. तोच चेक माणूस उद्या दुसऱ्या बँकेतही नेऊन भरेल, आम्हाला काय कळणार? म्हणून फोटोवर आम्ही बेताचाच विश्वास ठेवतो."

"मग आता?"

"अवघड काही नाही. दोघांची नावं आहेत म्हणजे पाठीमागे दोघांच्या सह्या हव्यात. तू सही कर आणि चेक पोस्टाने संग्रामला पाठव. तो सही करून तिथून फोटो काढेल. मला फक्त आदल्या दिवशी कळवा. इतक्या जुन्या खात्याची मर्यादा एका दिवसापुरती मी इथून वाढवून देते. एवढ्यासाठी कुणी गाडी चालवत यायला नको."

मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. चेककडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग संग्रामला फोन केला. तो तेव्हा आयोवाच्या पलीकडे, ओमाहाला असायचा.

"एक चेक आलाय," मी म्हटलं. "दोघांच्या नावाचा. फोनवरून जात नाही, मर्यादेच्या वर आहे."

"मग?"

"वेदरलीला यायला लागेल म्हणतायत. दोघांनी."

"दोघांनी?"

"सह्या समोर करायच्या असतात ना."

"असेल तसं," तो म्हणाला. "शुक्रवारी जमतंय का तुला?"

मला जमत होतं. इतकं सहज खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर चेकखालची ओढणी काढली, झटकली आणि शुक्रवारी काय नेसायचं याचा विचार करत बसले. नंतर स्वतःचंच हसू आलं. आयोवातल्या बँकेत जायला कुणी नेसत नाही.

आमच्यात कधी मोठं भांडण झालं नाही. लोकांना ते खरं वाटत नाही. संग्राम हे नाव ऐकून माणसं काहीतरी वेगळंच समजायची, पण त्याच्याइतका हळू बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तो कोल्हापूरचा, मी नाशिकची. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याला नोकरी लागली म्हणून आम्ही वेदरलीला आलो. तिथे मला काम नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट, पण इथल्या परीक्षा पुन्हा द्यायच्या होत्या. त्या देता देता बरीच वर्षं गेली. प्रत्येक परीक्षेला संग्राम मला गाडीने न्यायचा आणि बाहेर थांबायचा. शेवटी शिकागोच्या एका मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली, पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्याची.

मी रुजू झाले आणि त्याच महिन्यात कोल्हापूरला आबांना पक्षाघात झाला. आबा म्हणजे संग्रामचे वडील. आई आधीच गेलेली, हा एकुलता एक. तो रजा घेऊन गेला आणि आठ महिने राहिला. मी गेले नाही. नवी नोकरी सोडली असती तर पुन्हा मिळाली नसती, असं मी म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. संग्रामने एकदाही 'ये' म्हटलं नाही. रोज दुसऱ्यांच्या वडिलांना हाताला धरून चालवायचं आणि संध्याकाळी फोनवर विचारायचं, आबा कसे आहेत? तो म्हणायचा, आहेत तसे आहेत.

परत आला तेव्हा तो कारखाना सोडून ओमाहाला गेला. आम्ही महिन्यातून एकदा वेदरलीच्या घरी भेटायचो आणि एकमेकांशी फार नीट वागायचो. तू बस, मी करते. नको, मी करतो. चहा हवाय का? तुला हवा असेल तर. असं दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "वृंदा, आपण दमलोय का?" मी म्हटलं, "बहुतेक." तेवढंच बोलणं झालं. पुढची कागदपत्रं पोस्टाने आली आणि पोस्टाने गेली.

शुक्रवारी मी वेदरलीत पोचले तेव्हा त्याची गाडी आधीच बँकेसमोर उभी होती. तो गाडीला टेकून उभा होता. केस कमी झाले होते, शर्ट इस्त्रीचा होता. मी उतरले. आधी हात पुढे करायचा की काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, जणू काही तीच जड होती.

"ग्लेंडा नाही," तो म्हणाला. "दातांच्या डॉक्टरकडे गेलीय. दोनला येईल म्हणाले."

"आत दुसरी बाई आहे ना?"

"आहे. पण तिला आपलं काही माहीत नाही. थांबू की."

मी लगेच हो म्हटलं.

कोर्टासमोरच्या बागेत आम्ही एका बाकावर बसलो. जून महिना, ऊन चांगलं होतं. त्याने पिशवीतून बरणी काढली. भडंग. लसूण, शेंगदाणे, वर तिखटाचा लाल रंग.

"तू केलंस?"

"मग काय ओमाहात विकत मिळतंय? खाऊन बघ की. तिखट झालंय."

झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिखटाचंच आहे असं म्हणायची सोय झाली. आम्ही जुन्या गावाबद्दल बोललो. लोहाराच्या दुकानाच्या जागी आता व्यायामशाळा झाली होती. आमच्या घराला नव्या लोकांनी निळा रंग दिला होता. तो येताना त्या रस्त्याने जाऊन आला होता.

"वाईट दिसतो?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चांगलाच दिसतो. तेच वाईट वाटलं."

मग बराच वेळ आम्ही नुसते खात राहिलो. बरणी अर्धी झाल्यावर त्याने झाकण लावलं आणि म्हणाला, "मी जातोय, वृंदा. ऑगस्टमध्ये. कायमचा."

"कोल्हापूरला?"

"हां. उद्यमनगरात एकाचा कारखाना आहे, त्याला माणूस पाहिजे. आबांना आता नुसत्या कामाच्या माणसावर ठेवून चालत नाही."

"कसे आहेत?"

या वेळी तो 'आहेत तसे आहेत' म्हणाला नाही. त्याने फोन काढला आणि माझ्या हातात दिला. चित्रफीत होती. कोल्हापूरच्या घराचा व्हरांडा. आबा किती लहान झाले होते! पांढरी बंडी, पायजमा, चेहरा एका बाजूला किंचित ओघळलेला. एक दणकट माणूस त्यांचा डावा हात धरून त्यांना पुढे ओढत होता आणि आबा फरफटल्यासारखे पाऊल टाकत होते.

"हात ओढू नका!" मी त्या फोनवर ओरडले. बाजूचं कबुतर उडालं. "संग्राम, त्या माणसाला सांग, लुळा हात असा ओढायचा नाही. खांदा निखळेल."

"सांगितलं. त्याला कळत नाही. मलाही नीट येत नाही, सांगू काय?"

"मग धरायचं कसं ते कुणी दाखवलं नाही तुम्हाला?"

ते कुणी दाखवायला हवं होतं हे दोघांनाही माहीत होतं. तो तसं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता कोर्टाच्या पायऱ्यांकडे बघत राहिला.

मी उठले. "ऊठ," मी म्हटलं. "तू आबा हो."

"इथं?"

"इथेच. डावा पाय जड ठेव. डाव्या हातात जीव नाही असं समज."

तो हिरवळीवर उभा राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला गेले. रोज कितीतरी लोकांच्या कमरेचा पट्टा मी असा पाठीमागून मुठीत धरते. हात आपोआप जातो. त्या दिवशी तो जाता जाता थांबला. मग मी पट्टा धरला, दुसरा हात त्याच्या छातीपुढे खांद्यापाशी ठेवला आणि म्हटलं, "धरणारा माणूस नेहमी दुबळ्या बाजूला उभा राहतो. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसतं असायचं. आबा, समोर बघा. पायाकडे नाही, समोर."

संग्रामने समोर बघितलं. आम्ही चाललो. एक पाऊल, थांब, दुसरं पाऊल. त्याचा श्वास मला हाताखाली कळत होता.

"गुडघा दुमडला तर?" त्याने विचारलं.

"माझा गुडघा मागून लावायचा. असा. पडू द्यायचं नाही."

झाडापर्यंत गेल्यावर मी म्हटलं, "आता तू मला धर. मी आबा."

मला पट्टा नव्हता. त्याने माझी ओढणी घेऊन कमरेभोवती गुंडाळली आणि मागे गाठ मारली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मी डावा पाय सोडून दिला.

"भार टाक की," तो म्हणाला.

"टाकलाय."

"नाही टाकलास. माझ्या हाताला कळतंय."

मग मी टाकला. सगळा. कितीतरी दिवसांत मी कुणावर इतकी टेकले नव्हते. त्याने मला बरोबर तोललं. पहिल्याच खेपेला. आम्ही त्या हिरवळीवरून पलीकडच्या कारंज्यापर्यंत गेलो आणि तिथून परत आलो. आणखी एकदा करून बघू का असं त्याने विचारलं, आणि ती गोष्ट त्याला एव्हाना पुरती आलीय हे दिसत असूनही मी म्हटलं, बघू.

परत येताना कुत्रा घेऊन चाललेली एक म्हातारी बाई आमच्याजवळ थांबली. "छान चाललीयस तू," ती मला म्हणाली. "मलाही असंच झालं होतं. होतं बरं सगळं." मग संग्रामकडे बघून हसली. "आणि नवरा असा असला की लवकर होतं."

"थँक यू," संग्राम म्हणाला.

ती गेली तरी त्याने गाठ सोडली नाही. मीही पाय सरळ केला नाही. मग त्याने हळूच विचारलं, "बसायचं?" आणि आम्ही बाकावर येऊन बसलो.

"आबा विचारतात तुझ्याबद्दल," तो म्हणाला.

"काय?"

"सूनबाई कधी येणार म्हणून."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं होतं. त्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी विसरले आणि परत विचारलं. परत सांगितलं, परत रडले. मग सोडून दिलं सांगायचं."

"मग आता काय सांगतोस?"

"सांगतो, सुट्टी मिळाली की येईल." त्याने ओढणीची घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "त्यांना तेवढं पुरतंय."

दोन वाजून गेले होते. आम्ही बँकेत गेलो.

ग्लेंडाचा एक गाल सुजलेला होता, पण आम्हाला दारात बघून ती तशीच उठून आली. आधी मला मिठी मारली, मग त्याला.

"दोघंही आलात!" ती म्हणाली. "संग्राम, बुधवारी फोनवर तुला सांगितलं नव्हतं का मी? यायची काही गरज नाही, मी मर्यादा वाढवून देते म्हणून. तू म्हणालास, ठीक आहे, बघतो. आणि वृंदा, तुला तर मी त्याच्या आधीच—"

ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आम्ही दोघंही टेबलावरच्या पेनांच्या पेल्याकडे बघत होतो.

"असो," ती म्हणाली. "आलात ते चांगलं केलंत. चेक कुठाय?"

मी पर्समधून चेक काढला. तिने तो उलटा ठेवला. संग्रामने आधी सही केली, वरच्या बाजूला, माझ्यापुरती जागा सोडून. मी त्याखाली केली. ग्लेंडाने तो यंत्रात घातला. क्षणात आत गेला. इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं.

"खातं बंद करायचंय असं म्हणाला होतात," ग्लेंडा हळू आवाजात म्हणाली. "पण चेक वटायला दोन-तीन दिवस जातील. त्यानंतर नुसता फोन केलात तरी चालेल. दोघांनी वेगवेगळा."

बाहेर ऊन भाजत होतं. आमच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. मी माझ्या दाराला हात लावला, पण उघडलं नाही.

"बुधवारीच कळलं होतं तुला," मी म्हटलं.

"हां."

"मग बोलला नाहीस."

"काय बोलू? येऊ नकोस म्हणून?" त्याने बुटाच्या टोकाने एक खडा बाजूला केला. "मला वाटलं, काहीतरी सांगायचं असेल तुला. फोनवर सांगण्यासारखं नसेल. म्हणून म्हटलं, जाऊ."

मला सांगायचं होतं. शिकागोहून निघाल्यापासून चार तास मी ते मनात जुळवत आले होते. रुग्णालयात माझ्या हाताखाली आता तीन माणसं होती. नवी खोली घ्यायचा विचार चालला होता. दुसरीकडे व्हरांड्यात बंडी घातलेले आबा होते आणि समोर हा माणूस उभा होता, उन्हात डोळे बारीक करून, कसलीही घाई न करता. तो काही विचारणार नव्हता. मला नकार द्यायची पाळी येऊ नये म्हणून तो पहिल्यापासून विचारतच नव्हता, हे मला तिथे, त्या गाड्यांच्या मधे उभं राहून कळलं.

"येते मी," मी म्हटलं.

निघताना आपण तेच म्हणतो. त्याने माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. त्या शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा, हे तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. तो अर्थ मलाही पक्का माहीत नव्हता.

"ये," तो म्हणाला.

आम्ही आपापल्या गाडीत बसलो. मी इंजिन सुरू केलं आणि त्याने आधी निघावं म्हणून थांबले. त्यानेही सुरू केलं आणि तोही थांबला. काचेतून मला त्याचा उजवा खांदा दिसत होता. दोन्ही इंजिनं चालू होती. बँकेच्या खिडकीतून ग्लेंडा बघत असावी. शेवटी तो उतरला आणि माझ्या बाजूला आला. मी काच खाली केली.

त्याने टपावर हात टेकला, वाकला, तोंड उघडलं, मिटलं.

"मागच्या डाव्या चाकात हवा कमी दिसतेय," तो म्हणाला. "लांब जायचंय. वाटेत भरून घे."

"घेते."

त्याने टपावर दोनदा थाप मारली आणि तो परत गेला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. संग्राम ऑगस्टमध्ये कोल्हापूरला गेला तो परत आला नाही. आबा पुढे चार वर्षं होते. दाखवलेलं सगळं संग्रामने नीट केलं आणि शेवटच्या वर्षापर्यंत आबा त्याच्या आधाराने फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून यायचे. तशा चित्रफिती तो मला पाठवायचा. मी त्याला 'पाठीला हात थोडा खाली' असं काहीतरी कळवायचे. मी अजून शिकागोतच आहे. का गेले नाही, याचं मी दर वेळी स्वतःला वेगळं उत्तर देते. त्या शुक्रवारनंतर आम्ही समोरासमोर भेटलेलो नाही.

पण त्या शुक्रवारचं थोडं राहिलंय. वेदरलीच्या बाहेर, महामार्गाला लागण्याआधी एक पेट्रोल पंप आहे. तिथे मी थांबले. हवेच्या यंत्राला नाणी घातली आणि मागच्या डाव्या चाकाला नळी लावली. काट्याकडे बघितलं. नळी काढून परत लावली. मग उजव्या चाकाला लावून बघितली, मग पुढच्या दोन्हींना. चारही चाकांत हवा अगदी बरोबर होती.

मी तिथेच खाली बसले. पंपावरचा माणूस बाहेर येऊन विचारून गेला, मदत हवीय का. नको म्हटलं. मग गाडीत येऊन संग्रामला फोन लावला आणि फोन समोर अडकवून मी महामार्गाला लागले, पूर्वेकडे. तो तेव्हा पश्चिमेकडे निघाला होता.

"बोल," तो म्हणाला. त्याच्या गाडीचा घरघराट येत होता.

"हवा बघितली."

"हां."

"बरोबर आहे. चारीही चाकांत."

"बरोबर आहे?" तो म्हणाला. "मग बरं झालं."

"हो."

"सावकाश जा."

"तूही."

यानंतर फोन ठेवायचा असतो. त्याने ठेवला नाही. मीही नाही ठेवला. दोन्ही बाजूंना गुडघाभर मका होता, रस्ता सरळ होता. त्याने मधेच एकदा घसा साफ केला. एक ट्रक त्याला मागे टाकून गेला, तो मला ऐकू आला. मी काच वर केली, म्हणजे तिकडचं आणखी स्पष्ट ऐकू येईल. असे आम्ही कितीतरी वेळ गेलो, तो तिकडे, मी इकडे. मिसिसिपीवरचा पूल आला तेव्हा त्याचा आवाज तुटक येऊ लागला. तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काय? परत सांग." त्याने परत सांगितलं असावं. मी पुलाच्या मध्यावर होते, खाली रुंद पाणी होतं आणि फोनमधून आता काहीच येत नव्हतं.